तळमजल्याचे रूममेट

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठी घरी बोलून बोलून आलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र मी स्वतः चुका करून शिकलेला आहे.

मागच्या वर्षी आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममधला दोन फुटी फिशटँक माझ्याकडे आला. पास आउट होणाऱ्या सीनियर्सनी "सांभाळशील ना?" म्हटलं आणि मी जोशात हो म्हणाले. वर गप्पी छान पोहत होते, पण तळ अगदीच रिकामा दिसायचा. म्हणून मी तीन पांढरे कोरी, एक सकर आणि एक सोनेरी अल्गी ईटर घेऊन आले. "हे घाण खातात, टँक साफ राहतो" असं दुकानात ऐकलं आणि विश्वास ठेवला. एप्रिलच्या शेवटी, ऐन सबमिशनच्या गडबडीत, चार दिवसांत तिन्ही कोरी गेले. मेसच्या मावशींनी काचेला हात लावला आणि म्हणाल्या, "काऊन गं पोरी, पाण्यात बोट घालून पाह्यलं का? चहाचं आधण ठेवलं का काय!" थर्मामीटर लावला तर 34 अंश.

त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते इथे देते आहे. तळाशी राहणारे मासे निवडणं म्हणजे रूममेट निवडणं. चेहरा बघून नाही, सवयी बघून निवडायचे.

पहिली गोष्ट, जागा. आपण टँक लिटरमध्ये मोजतो. पण तळाच्या माशाला उंचीचा काही उपयोग नाही, त्याला फरशी लागते. 60 बाय 30 सेंटिमीटरचा टँक 30 उंच असो की 45, तळ 1800 चौरस सेंटिमीटरच राहतो. त्यात एकाच जातीचा एक गट आरामात राहतो. दोन-तीन जाती कोंबल्या की लपायच्या जागेवरून आणि खाण्यावरून मारामारी ठरलेली.

दुसरी गोष्ट, पूर्ण वाढल्यावरचा आकार. दुकानात सकर बोटाएवढा दिसतो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा 40 सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे आमच्या टँकच्या रुंदीपेक्षा लांब! क्लाउन लोचही 25-30 सेंटिमीटर होतो. अल्गी ईटर लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की भांडखोर होतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर ओरबाडतो. रेड टेल शार्क दिसायला झकास, पण तळावर आपलाच हक्क समजतो. सकरचीच हौस असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो 12-15 सेंटिमीटरवर थांबतो. त्याला चघळायला लाकडाचा ओंडका द्या आणि टँक दोन फुटांपेक्षा मोठा ठेवा.

तिसरी गोष्ट, संख्या आणि फरशी. कोरी आणि कुली लोच हे टोळीत राहणारे मासे आहेत, निदान सहा तरी हवेत. मी तीनच आणले, ही माझी पहिली चूक. कोरी मिशांनी वाळू उकरून खाणं शोधतो. टोकदार खडीत त्या मिशा झिजतात, म्हणून बारीक, गोल दाण्याची, धुतलेली वाळू घाला. खडी तशीच ठेवली, ही दुसरी चूक. आणि हे मासे सफाई कामगार नाहीत! वरून उरलेल्या खाण्यावर त्यांचं पोट भरत नाही. त्यांना बुडणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, त्याही लाइट बंद केल्यावर, नाहीतर गप्पी सगळं फस्त करतात.

चौथी गोष्ट, आपल्या वाडीचा उन्हाळा. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना सुमारे 7. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन कमी आणि माशाची गरज जास्त. त्यात तळाशी कुजणारं खाणं उरलेलाही ऑक्सिजन संपवतं. उपाय कूलरचाच, बाष्पीभवन. टँकचं झाकण काढून जाळी ठेवायची आणि पाण्यावरून छोटा पंखा सोडायचा. हिशेब सोपा आहे. 45 लिटर पाणी एक अंश थंड करायला सुमारे 188 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यासाठी फक्त 80 मिलिलिटरच्या आसपास पाणी उडालं तरी पुरतं. खोलीची उष्णता परत आत येतेच, म्हणून पंखा चालूच ठेवायचा. आमच्याकडे तीन अंशांचा फरक पडला. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरसारखाच हाही उपाय ढेपाळतो, तेव्हा एअर पंपवर भर द्या. उडालेलं पाणी भरताना क्लोरीन काढलेलं पाणी वापरा. नुसतं भरत राहिलं तर क्षार साठतात, म्हणून आठवड्याला पाव टँक पाणी बदला.

मग निवड काय? पेपर्ड कोरीला थंड पाणी आवडतं, तो आपल्याकडे नको. साध्या ब्राँझ कोरीला 22 ते 27 अंश बरे. कुली लोचला 24 ते 30 चालतात, म्हणून नागपूरला तोच जास्त सोयीचा. औषध द्यायची वेळ आली तर लोच आणि कोरींना अर्ध्या डोसनेच सुरुवात करा, त्यांना ते लवकर बाधतं.

आपल्या मातीतलेही लोच आहेत. झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायटा हा कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातला, महाराष्ट्र-कर्नाटकातला मासा. तो आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. दुकानात दिसला तर नदीतून पकडलेला नाही ना, हे विचारा. खात्री नसेल तर सोडून द्या. आंबोलीला 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा लोच नोंदला गेला आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. असे मासे त्यांच्या झऱ्यातच शोभतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माझा सकर वाढायला लागला तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "सोडून दे ना अंबाझरीत, तोही खूश, तूही खूश." मी पिशवी भरूनही ठेवली होती. पण नाग नदी आपल्या वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलाव तिच्याच वाटेवर आहे आणि पुढे पाणी कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दला जातं. सकर काठात बिळं करतो, मच्छीमारांची जाळी फाडतो आणि त्याला आपल्याकडे फारसा शत्रू नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत तो पसरलाच आहे. आपण एक मासा सोडतो आणि भंडाऱ्याच्या कोळ्याचं जाळं फाटतं, हे मला पटेना. शेवटी एका ओळखीच्यांच्या मोठ्या टँकमध्ये त्याची सोय केली, अल्गी ईटरही तिकडेच गेला. ते जमेपर्यंत दीड महिना लागला.

आता आमच्या टँकमध्ये वाळू आहे, सहा कुली लोच आहेत आणि वर गप्पी. दिवसा कुली दिसतच नाहीत. रात्री अकरानंतर कॉमन रूममध्ये या, टॉर्च हळूच लावा. आणि कृपया बिस्किटं टाकू नका!