शब्दांची ओळख : गटार, सेप्टिक टाकी आणि ओढा



चाकणच्या आसपास आपल्यातल्या बऱ्याच जणींनी कंपनी कामगारांसाठी खोल्या बांधून भाड्याने दिल्यात. माणसं वाढली की संडासची टाकी भरते, चेंबर तुंबतं. मग आपण म्हणतो, "गटाराचं काहीतरी बघा." आपल्याला सगळं गटारच. कायदा मात्र प्रत्येकाला वेगळं नाव देतो.

१. सेप्टिक टाकी : हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात हिचा अर्थ असा – मैला साठवून कुजवणारी, पाणी न झिरपणारी, बहुधा जमिनीखालची टाकी. पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा वेगळा.

२. मलवाहिनी : याच कायद्यात जमिनीखालून मैला वाहून नेणारी लाइन, म्हणजे आपली 'ड्रेनेज लाइन'. पाण्याच्या प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात मात्र सांडपाणी नेणारं उघडं गटारसुद्धा यातच येतं.

३. धोकादायक सफाई : सुरक्षेची साधनं न देता, नियम न पाळता टाकी किंवा ड्रेनेज लाइन माणसाकडून हाताने साफ करून घेणं. ही बंदी फक्त नगरपरिषदेला नाही, प्रत्येकाला आहे. ठेकेदारामार्फत काम दिलं तरी सुटका नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीतला वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. त्याला काढायला उतरलेलाही जिवाला मुकतो. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. पण गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून कोणी "पाचशे द्या, मी उतरतो" म्हणाला तरी नाही म्हणा. मैला उपसणारी गाडीच बोलवा.

४. प्रवाह : १९७४ च्या कायद्यात नदी आणि जमिनीखालचं पाणी तर आहेच, पण सध्या कोरडा पडलेला ओढाही प्रवाहच आहे. "ओढा कोरडा आहे, सोडा पाणी" हे कंपनीलाही चालत नाही आणि आपल्यालाही नाही. आपले ओढे शेवटी इंद्रायणीला, नाहीतर भामेला मिळतात.

अर्ज लिहिताना नुसतं 'गटार' लिहू नका. उघडं की बंद, पाणी घरचं की कंपनीचं, कुठून येतं, कुठे जातं, हे लिहा. घरच्या सांडपाण्यासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, कंपनीच्या पाण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. पोच घ्यायला विसरू नका.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटात कोणाकोणाकडे सेप्टिक टाकी आहे? मागच्या वेळी ती कोणी, कशी उपसली?