आधी गटार बांधा

रासायनिक कारखान्यात टाक्यांभोवती जी बुटकी भिंत असते तिला आम्ही डाइक म्हणतो. आतली सगळ्यांत मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी तो माल डाइकमध्ये मावावा आणि वर दहा टक्के जागा उरावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. कागदावर बहुतेक डाइक त्यात बसतात. पण पावसाचं पाणी काढायला भिंतीच्या बुडाशी एक पाइप सोडलेला असतो आणि त्यावर एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडा राहिला तर भिंत असून नसल्यासारखीच. कोकणातल्या एका एमआयडीसीत शिफ्ट इन्चार्ज असताना मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नवीन मुलांना मी सगळ्यांत आधी त्या व्हॉल्व्हपाशीच नेऊन उभं करतो, ते त्यामुळेच.

जुलैतली रात्रपाळी होती, पाऊस धो धो कोसळत होता. ९८ टक्के सल्फ्युरिकच्या टाकीला खालच्या फ्लँजमधून गळती लागली. धार जेमतेम करंगळीएवढी, पण ती टाकी आणि पहिला व्हॉल्व्ह यांच्या मध्ये होती, म्हणजे बंद करायला हाताशी काहीच नव्हतं. चालू गळतीत बोल्ट आवळायला जाणं म्हणजे धार अंगावर घेणं. गॅस्केट गेलेलं असलं की आवळून ती वाढतेसुद्धा. अशा वेळी मार्ग एकच: पंप लावून माल दुसऱ्या टाकीत हलवायचा आणि तोवर जे गळेल ते डाइकने धरून ठेवायचं.

डाइक ते धरत नव्हती. दुपारी कंत्राटी कामगारांनी साचलेलं पाणी सोडायला बुडाचा व्हॉल्व्ह उघडला होता. पाऊस थांबेना, पाणी संपेना, त्यांची पाळी संपली आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला. त्यांना दोष देता येत नाही. ‘पाणी सोडा’ एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. ‘संपेपर्यंत तिथेच थांबा, बंद करा आणि येऊन सांगा’ असं कोणी सांगितलेलं नव्हतं. शिवाय सल्फ्युरिक पाण्याच्या १.८४ पट जड. डाइकमध्ये वीतभर पाणी असलं तरी अ‍ॅसिड खालच्या अंगाला उतरतं, आणि पाइपचं तोंड नेमकं तिथेच असतं. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंतीबाहेरच्या गटारातून वाफा निघत होत्या.

एका तरण्या हेल्परने हायड्रंटचा होज ओढायला घेतला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. सांडलं की धुवायचं, हे आपल्याला घरापासून शिकवलेलं असतं. आमचे जुने ऑपरेटर तात्या मागून ओरडले, “अरे पाणी नको! आधी गटार बांधा!” त्या रात्री सगळ्यांत मोलाचं काही घडलं असेल तर हे वाक्य. तीव्र सल्फ्युरिकवर पाणी पडलं की एवढी उष्णता निघते की ते उसळून अंगावर उडतं. पातळ झालेलं अ‍ॅसिड लोखंडाला जास्त खातं. तीव्र अ‍ॅसिड साध्या लोखंडी टाकीत राहू शकतं, पातळ राहू शकत नाही. वर त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून आसपास वेल्डिंग-ग्राइंडिंगही नको. आणि मारलेलं सगळं पाणी अ‍ॅसिड घेऊन उताराकडे पळतं.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, तेव्हा आग विझवायला मारलेलं पाणीच कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. नदीचं पाणी लाल झालं, ईल मासे मोठ्या संख्येने मेले. त्या पाण्याला अडवायची सोय तिथे नव्हती. आपल्याकडे वाशिष्ठी, सावित्री या नद्या औद्योगिक वसाहतींच्या खालच्याच अंगाला आहेत, त्यांच्या काठावर भोई-कोळी समाजाची पोटं आहेत. होज उचलण्याआधी हे पाणी जाणार कुठे, हे स्वतःला विचारलंच पाहिजे.

त्या रात्री आमच्यातल्या दोघांनी फेसशील्ड, पीव्हीसी सूट, गमबूट चढवले आणि व्हॉल्व्ह फिरवला. चाक फिरलं, पण गेट पूर्ण बसेना, तळाशी खडी आणि गाळ अडकला होता. शेवटी सबस्टेशनच्या दारात पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून रचलेल्या वाळूच्या गोण्या आठवल्या. त्या ओढत नेऊन कुंपणाच्या आत, गटार बाहेरच्या नाल्याला मिळतं तिथे बांध घातला, वर मुरूम दाबला. अडलेलं पाणी हवेवर चालणाऱ्या डायफ्रॅम पंपाने ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीत घेतलं. उरलेलं अ‍ॅसिड मारायला चुना आणायला गेलो, तर स्टोअरबाहेर ठेवलेल्या गोण्या पावसात भिजून घट्ट झालेल्या, पहारीने फोडाव्या लागतील अशा. मग उत्पादनासाठी आणलेला सोडा अ‍ॅश वापरला. तो हळूहळूच टाकावा लागतो, नाहीतर फेस उसळून बांधाच्या बाहेर जातो. पीएच पेपर सातच्या आसपास यायला उजाडलं.

बहुतेक माल अडवला गेला. पण बांध घालायच्या आधी जे गेलं ते गेलंच, आणि नाल्याच्या काठचं गवत पुढचे कितीतरी दिवस करपलेलं दिसत होतं.

असा उघडा व्हॉल्व्ह दुसरीकडे याहून महागात पडला आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या इंडियन ऑइल डेपोत पेट्रोल गळलं, तेव्हाही डाइकचा व्हॉल्व्ह उघडा होता. पेट्रोल पावसाच्या गटारात गेलं, वाफ सगळीकडे पसरली आणि स्फोट झाला. माणसं गेली, आग कित्येक दिवस जळत राहिली.

म्हणून माझा आग्रह असा, की जमत असेल तर हा व्हॉल्व्ह काढूनच टाका. पाइपला ब्लाइंड (कायमचं झाकण) मारा आणि पाणी पंपाने उपसा. पंप कोणीतरी मुद्दाम चालू केल्याशिवाय चालत नाही, उघडा व्हॉल्व्ह मात्र कोणाचंही लक्ष नसताना वाहत राहतो. ठेवायचाच असेल तर तो भिंतीच्या बाहेर, गवत काढलेल्या जागी असावा. त्याला कुलूप, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. पाणी सोडण्याआधी पीएच पेपर बुडवायचा, सोडत असताना माणूस तिथेच उभा राहील आणि बंद केल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहिली जाईल. मे महिन्यात गेट उघडून गाळ साफ करा. भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपभोवतीची फटही तेव्हाच पाहा, गळती अनेकदा तिथून निसटते.

व्हॉल्व्हखेरीज आणखी काही गोष्टी. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि हायड्रोक्लोरिकच्या टाक्या कधीही एका डाइकमध्ये ठेवू नका. दोन्ही गळून एकत्र आले की क्लोरीन सुटतो, आणि तो भिंतीने अडत नाही. टँकर रिकामा करताना दोघांच्या जोडण्या वेगळ्या मापाच्या असल्या तर रात्रीच्या घाईतही चूक करता येत नाही. नायट्रिकवर लाकडाचा भुसा टाकायचा नाही, तो पेट घेऊ शकतो. कोरडी वाळू बऱ्याच ठिकाणी चालते, म्हणून ती झाकणाच्या ड्रममध्ये कोरडी ठेवा. सॉल्व्हंट सांडलं तर पहिलं काम ठिणगीची साधनं बंद करणं, त्यात खिशातला मोबाइलही आला. सॉल्व्हंटची वाफ जड असते आणि गटारातून लांबवर सरपटत जाते. ड्रमला भोक पडलं असेल तर बोळा शोधत बसण्याआधी सुरक्षित अंतर, हातमोजे वगैरे पाहून ड्रम फिरवा आणि भोक वर आणा. बरीचशी गळती तिथेच थांबते.

आता तात्यांच्या वाक्याचा एक अपवाद, तो पक्का लक्षात असू द्या. सांडलेल्या अ‍ॅसिडवर पाणी नको, पण माणसाच्या अंगावर उडालं तर पाणीच पाणी. कपडे उतरवत शॉवरखाली, डोळे आयवॉशला, निदान १५ मिनिटं, आणि मग दवाखाना. चुना किंवा सोडा माणसाच्या कातडीवर कधीही लावायचा नाही. शॉवरचं पाणी येतं की नाही हे दर पाळीला साखळी ओढून बघा. आम्ही बघायला लागलो तेव्हा एका शॉवरमधून नुसता गंज आला होता.

सायरन वाजवायचा अधिकार शेवटच्या कंत्राटी कामगारालाही हवा, आणि खोटा ठरला तरी त्याला बोलणी बसता कामा नयेत. माल कुंपणाबाहेर जातो आहे असं दिसलं की शेजारचे कारखाने, अग्निशमन केंद्र, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खालच्या गावाचे सरपंच, सगळ्यांना लगेच फोन. नाल्यावर गुरं पाण्याला येतात, पहाटे बायका कपडे धुवायला येतात. त्यांना वेळेवर कळलं तर त्या दिवशी कोणी नाल्यात उतरत नाही.

सगळं आटोपल्यावर भिजलेली वाळू, बोळे, फाटके हातमोजे हा घातक कचराच असतो. तो खड्ड्यात पुरायचा नाही. ड्रममध्ये भरून, लेबल लावून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच पाठवायचा. आणि वापरलेल्या गोण्या, वाळू, चुना त्याच दिवशी पुन्हा भरून जागेवर ठेवा, छपराखाली.