कायदा माणसे मोजतो, धूळ नाही

नगरच्या एमआयडीसीत, सुपा-श्रीरामपूरच्या कारखान्यांत आणि गावोगावच्या ग्रॅनाइटच्या दुकानांत आपल्या वस्त्यांतील माणसे कामाला जातात. कोणी ओतकाम घासतो, कोणी स्वयंपाकाचे ओटे कापतो, कोणी फरशी बसवतो. भुवयांवर बसलेली धूळ आंघोळीने निघते. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा आहे.

वाळू, ग्रॅनाइट, टाइल यांत सिलिका असते. कोरडे कापले की तिचे अतिसूक्ष्म कण श्वासातून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे व्रण होऊन फुप्फुस कडक बनते. हाच सिलिकोसिस. दम लागायला बहुधा दहा-वीस वर्षे जातात. धूळ फार असेल तर त्याआधीच. झालेली इजा भरून काढणारे औषध नाही. या रुग्णाला टीबीही लवकर जडतो, आणि कित्येकदा सिलिकोसिसलाच टीबी समजले जाते.

सगळे दगड सारखे नसतात. आपल्याकडच्या काळ्या दगडात ही सिलिका कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. ओतकामाच्या वाळूत आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात बहुतांश तीच. म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली.

आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यात सिलिकेच्या धुळीची मर्यादा दिलेली होती. सिलिकोसिस आढळल्यास डॉक्टरने सरकारला कळवायचे आहे. पण कारखाना म्हणायचे कशाला? मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार हवे होते. 2020 च्या संहितेत ते 20 झाले. अर्धे शटर ओढून चौघे जण ओटे कापतात, ते दुकान या व्याख्येत बसत नाही. धूळ मात्र तिथे मोठ्या कारखान्यापेक्षा जास्त असू शकते.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठवड्याचे काम 48 तासांवर आणणारे विधेयक मांडले. 1946 मध्ये त्याचा कायदा झाला. कामाच्या तासांना जशी मर्यादा आली, तशी धुळीलाही प्रत्येक दुकानात यायला हवी. कामगार किती हे न पाहता, काम कोणते हे पाहून नियम लागू करा, ही मागणी आपण एकत्र मांडली पाहिजे.

तोवर एवढे करा:

• पाण्याची धार सोडूनच कापा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
• रुमालाने हे कण अडत नाहीत. नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरा.
• कामाचे कपडे घरात झटकू नका. आधी भिजवा, मग धुवा.
• खोकला किंवा दम असेल तर डॉक्टरांना काम कोणते आणि किती वर्षे केले ते आपणहून सांगा. एक्स-रे जपून ठेवा.
• फरशी व बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केले असेल, तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. ईएसआयसीचे कार्ड असेल तर सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून तिथे लाभ मागता येतो.