मकपेलाचे शेत आणि नाबोथाचा मळा

(उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक ह्यांच्यासाठी धडा)

वाचण्याचे शास्त्रभाग : उत्पत्ति २३, १ राजे २१, यहेज्केल ४७.२१-२३.

यार्देन नदी व भूमध्य समुद्र ह्यांच्यामध्ये जो मुलूख आहे त्यातील गावांची नावे आमच्या लेकरांना तोंडपाठ असतात. बेथलेहेम, नासरेथ, यरुशलेम, हेब्रोन ही गावे जणू आपल्याच तालुक्यातील आहेत, इतकी ती आम्हास परिचयाची वाटतात. परंतु ती भूमी कोणाची, असा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळ जण एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतात. कोणी म्हणतो, "देवाने ती इस्राएलास दिली, मग वाद कसला?" दुसरा म्हणतो, "यहूदी कालपरवा आले, त्यांचा तेथे काय संबंध?" ही दोन्ही उत्तरे उतावळेपणाची आहेत. पुणे व सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर सुमारे तेवढाच हा मुलूख. पण त्यात सुमारे दीड कोटी माणसे राहतात, आणि त्यांत यहूदी व अरब ह्यांची संख्या जवळजवळ सारखी आहे. दोघेही म्हणतात की, हे आमच्या पूर्वजांचे वतन आहे.

जमिनीचा तंटा म्हणजे काय, हे खेड्यातील मनुष्यास शिकवावे लागत नाही. बांध कोणी सरकवला, कागदावर नाव कोणाचे, नांगर कोणाचा, ह्या गोष्टी तो लहानपणापासून पाहतो. यास्तव हा विषय आमच्या वाचकांस नीट समजेल, अशी आमची खात्री आहे.

१. मकपेलाचे शेत

सारा मरण पावली तेव्हा अब्राहामाजवळ तिला पुरण्यापुरतीही जमीन नव्हती. ही सर्व भूमी तुझ्या संततीस देईन, असे वचन त्यास आधीच मिळाले होते. तरी त्याने ते वचन दाखवून कोणाचे शेत घेतले नाही. तो हेथाच्या वंशजांपुढे नमला. आपण येथे परके आहो असे त्याने कबूल केले. आणि एफ्रोन हित्ती शेत फुकट देऊ लागला असताही पुरते मोल घ्यावे असा आग्रह धरला. गावच्या वेशीत, सर्वांच्या देखत, रुप्याचे ४०० शेकेल तोलून दिले गेले. शेत, त्यातील गुहा व चतुःसीमेतील झाडे, इतके सर्व व्यवहारात नमूद झाले. आमच्याकडील खरेदीखतही ह्याहून अधिक काय सांगते? वचन ज्याला होते त्यानेच मोल दिले, आणि तेथे राहणाऱ्याची संमती घेतली, हे ह्या अध्यायातील मर्म होय.

त्या गुहेभोवती हेरोद राजाच्या काळची समजली जाणारी भक्कम भिंत अजून उभी आहे. आत यहूदी व मुसलमान असे दोघेही अब्राहामास पिता मानून प्रार्थना करतात. परंतु त्या नगराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास फार दुःखाचा आहे. हेब्रोनात यहूद्यांची लहान वस्ती शतकानुशतके होती. १९२९ च्या ऑगस्टात दंगा होऊन त्यांपैकी ६७ जण मारले गेले, आणि शेजारच्या कित्येक अरब कुटुंबांनी यहूद्यांना आपल्या घरांत लपवून वाचविले. उरलेल्यांस गाव सोडावे लागले. १९६७ च्या युद्धानंतर हेब्रोन इस्राएलच्या ताब्यात आले, आणि पुढील वर्षापासून यहूदी वसाहतवाले तेथे पुन्हा येऊ लागले. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी त्यांपैकी एकाने गुहेवरील मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांस गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर इमारतीचे दोन भाग करण्यात आले, आणि १९९७ च्या करारान्वये नगरही दोन विभागांत वाटले गेले. जे शेत एका मनुष्याने नमून व मोल देऊन घेतले, त्यावर त्याची लेकरे आता शिपायांच्या पहाऱ्यात जातात.

२. यहूद्यांचे म्हणणे

यहूदी म्हणतात की, आमची भाषा, आमचे सण व आमची प्रार्थना ह्याच भूमीत जन्मली. रोमी लोकांनी इ. स. ७० मध्ये मंदिर जाळले, आणि १३२ ते १३५ ह्या वर्षांतील बंड मोडल्यावर आम्हास यरुशलेमात राहण्याची मनाई केली. तरी आम्ही तेथून समूळ कधीच गेलो नाही. हे खरे आहे. गालीलात, सफेद व तिबिर्या येथे, आणि पुढे यरुशलेमातही त्यांची वस्ती राहिली, आणि परदेशी गेलेले यहूदी त्याच नगराकडे तोंड करून प्रार्थना करीत राहिले.

१८८१ नंतर रशियात यहूद्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा तेथील काही लोक ह्या देशात येऊन शेती करू लागले. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडातील बासेल येथे थिओडोर हर्झल ह्यांनी यहूद्यांची परिषद भरविली व स्वदेशाची मागणी मांडली. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सत्तेने सुमारे ६० लक्ष यहूद्यांचा वध केला. आसरा मागणाऱ्यांस पुष्कळ देशांनी आपली दारे बंद केली होती. आमचे असे एक घर असते तर इतकी माणसे मेली नसती, हे त्यांचे म्हणणे ऐकून ज्याचे अंतःकरण हलत नाही त्याने हा प्रश्न हाती घेऊच नये. १९४८ नंतर अरब देशांतूनही सुमारे आठ लक्ष यहूद्यांना घरदार टाकून निघावे लागले, आणि त्यांतील बहुतेक इस्राएलात गेले. आमच्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांस लोक शनवार तेली म्हणत, त्यांचा येथे कोणी छळ केला नव्हता. तरी त्यांतील हजारो लोक त्याच ओढीने गेले, आणि तेथे त्यांनी आपली मराठी जतन केली.

३. पॅलेस्टिनी अरबांचे म्हणणे

पॅलेस्टिनी म्हणतात की, तुमची आठवण खरी असेल, पण घरात आम्ही होतो. हेही खरे आहे. सातव्या शतकात अरबांचे राज्य आले तेव्हा तेथील जुने रहिवासी कोठे निघून गेले नाहीत. त्यांनी हळूहळू अरबी भाषा घेतली, पुष्कळांनी इस्लाम स्वीकारला, आणि काही आजपर्यंत ख्रिस्ती राहिले. १९२२ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या सुमारे ७ लक्ष ५७ हजार होती. त्यांत यहूदी सुमारे ८४ हजार, आणि ख्रिस्ती ७० हजारांहून अधिक होते. परंतु २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश मंत्री बाल्फर ह्यांनी तेथे यहूद्यांचे राष्ट्रीय गृह स्थापण्यास साहाय्य करण्याचे जे अभिवचन दिले, ते देताना तेथील बहुसंख्य रहिवाशांस कोणी विचारले नव्हते.

जमिनीच्या कागदांची कथा आमच्या शेतकऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. तुर्कांनी १८५८ मध्ये जमीन नोंदविण्याचा कायदा केला. कराचे व सैन्यभरतीचे भय असल्यामुळे पुष्कळ खेडुतांनी आपली शेते गावच्या वजनदार मनुष्याच्या नावे लागू दिली. पुष्कळ जमीन सरकारने मोठ्या व्यापाऱ्यांस विकली. इज्रेलच्या खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन अशा रीतीने बैरुत येथील सुर्सोक घराण्याच्या हाती गेली. १९२० नंतरच्या वर्षांत त्यांनी ती यहूदी संस्थांस विकली. विकत घेणाऱ्यांनी पैसे मोजून दिले, दलदल आटविली, कष्ट केले. त्यांनी चोरी केली असे म्हणता येत नाही. पण जी कुळे ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत होती त्यांस थोडाबहुत मोबदला घेऊन उठावे लागले. एफ्रोन आपल्या गावच्या वेशीत बसून बोलत होता. ह्या व्यवहारातला विकणारा दूर बैरुतात होता. व्यवहार कायद्याने पुरा झाला, परंतु नांगर धरणाऱ्यास कोणी विचारले नाही.

४. दोन मापे

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने ३३ विरुद्ध १३ मतांनी देशाची फाळणी ठरविली. भारताने विरोधात मत दिले. यहूदी तेव्हा लोकसंख्येच्या सुमारे तृतीयांश होते व त्यांच्या मालकीची जमीन शेकडा सातांहून कमी होती. त्यांच्या राज्यास शेकडा ५५ च्या आसपास मुलूख नेमला गेला. यहूद्यांच्या पुढाऱ्यांनी योजना मान्य केली, अरबांनी नाकारली, आणि युद्ध पेटले. १९४८ च्या एप्रिलात दैर यासीन येथे शंभराहून अधिक अरब मारले गेले; मे महिन्यात कफार एत्सियोन येथे शंभराहून अधिक यहूदी मारले गेले. १४ मे १९४८ रोजी इस्राएल राज्याची घोषणा झाली. युद्ध थांबले तेव्हा शेकडा ७८ च्या आसपास मुलूख त्या राज्याकडे होता. सुमारे सात लक्ष पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते, आणि चारशेहून अधिक खेडी ओस पडली होती. यरुशलेमच्या जुन्या नगरातील यहूद्यांसही आपला मोहल्ला सोडावा लागला, आणि पुढे १९ वर्षे त्यांस आपल्या पवित्र भिंतीपाशी जाता आले नाही.

त्या ओस पडलेल्या खेड्यांपैकी एकाची कथा आम्ही सांगतो. गालीलात लेबनानाच्या सीमेजवळ इक्रित नावाचे ख्रिस्ती गाव होते. १९४८ च्या नोव्हेंबरात सैन्याने लोकांस सांगितले की, थोडे दिवस बाहेर राहा, मग परत याल. लोकांनी विश्वास ठेवला. परत येऊ देईनात म्हणून ते न्यायालयात गेले, आणि १९५१ च्या जुलैत इस्राएलच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळाच्या सुमारास सैन्याने गावातील घरे पाडून टाकली. देऊळ व कबरस्थान एवढेच राहिले. ते लोक इस्राएलचेच नागरिक आहेत; तरी त्यांस गाव परत मिळाले नाही. पुढे आपल्या मृतांना तेथे पुरण्याची परवानगी तेवढी मिळाली. अब्राहामानेही त्या देशात प्रथम कबरेपुरतीच जमीन मागितली होती.

आता यरुशलेमातील शेख जर्रा ह्या वस्तीचे पाहा. तेथील काही जमीन एकोणिसाव्या शतकात यहूदी संस्थांनी विकत घेतली होती. १९४८ मध्ये ती वस्ती जॉर्डनच्या ताब्यात गेली, आणि १९५६ मध्ये जॉर्डनचे सरकार व संयुक्त राष्ट्रसंघाची निर्वासितांसाठी असलेली संस्था ह्यांनी तेथे २८ पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांसाठी घरे बांधली. १९६७ नंतर इस्राएलचे राज्य आले. १९७० च्या कायद्याने पूर्व यरुशलेमातील १९४८ पूर्वीची मालमत्ता यहूद्यांस परत मागता येऊ लागली, आणि २००९ मध्ये त्या कुटुंबांपैकी काहींस घराबाहेर काढण्यात आले. जुना कागद मानावा हे योग्यच. परंतु याफा किंवा हैफा येथे आपले घर टाकून आलेल्या पॅलेस्टिन्याने तसाच जुना कागद दाखविला, तर १९५० चा गैरहजर मालकांविषयीचा कायदा आड येतो, आणि ते घर त्यास मिळत नाही. एका पिशवीत दोन वजने ठेवणाऱ्या दुकानदारास नियमशास्त्र काय म्हणते, हे आमच्या उपदेशकांस ठाऊक आहे.

जुने रक्त नव्या रक्ताला बोलावते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या लोकांनी इस्राएलात शिरून सुमारे १२०० माणसे मारली व सुमारे २५० जणांस धरून नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझातील हजारो लोक, त्यांत असंख्य लेकरे, मारली गेली. प्रत्येक बाजू दुसरीच्या अपराधाचा हिशेब राखते, आणि आपला विसरते.

५. आम्ही कशी साक्ष द्यावी?

येथे एका चुकीविषयी सावध करणे अवश्य आहे. पॅलेस्टाईन हे नाव पलिष्ट्यांच्या देशावरून आले आणि रोमी लोकांनी ते प्रांतास दिले, हे खरे. पण म्हणून आजचे पॅलेस्टिनी म्हणजे गल्याथाचे वंशज पलिष्टी, असे शिकविणे शुद्ध अज्ञान होय. तसेच दावीदाचे राज्य व १९४८ चे राज्य ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या करारातील नावे आजच्या माणसांच्या कपाळी चिकटवून आम्ही न्याय करू लागलो, तर अन्यायच करू.

नाबोथाचा मळाही त्याच इज्रेलात होता. त्याने वाडवडिलांचे वतन विकण्यास नकार दिला. अहाबाजवळ सत्ता होती, ईजबेलीजवळ मोहर होती. पण तेवढ्याने काम झाले नाही. त्यांना दोन साक्षीदार लागले. खोटे बोलणारे ते दोघे मिळाले, तेव्हाच नाबोथाचा जीव व मळा गेला. बंधूंनो, दूर देशातील तंट्यात आमच्या हाती सत्ता नाही, मोहर नाही. पण साक्ष आहे. उपासनेत किंवा पारावर बसून जो म्हणतो की यहूद्यांचा त्या भूमीशी संबंध नाही, तो खोटी साक्ष देतो. आणि जो देवाचे नाव घेऊन म्हणतो की पॅलेस्टिन्याचे शेत शेतच नव्हे, तोही त्या दोघांच्या पंक्तीस बसतो.

मग भूमी कोणी घ्यावी? राज्याच्या सीमा आखून देणे आमचे काम नव्हे. परंतु यहेज्केल संदेष्टा बाबेलात बंदिवान असता, आपल्या लोकांस भूमी पुन्हा मिळेल ती कशी वाटावी हे सांगतो. त्या वाटणीत, त्यांच्यामध्ये राहून ज्यांस लेकरे झाली अशा परक्यांनाही तो देशातील माणसांप्रमाणे वतनाचा वाटा देण्यास सांगतो. परत येणाऱ्याचा हक्क तो नाकारीत नाही, आणि राहणाऱ्याचाही मोडीत नाही. ज्या दोन लोकांस त्याच मातीत लेकरे झाली आहेत, त्यांच्यासंबंधाने ह्याहून अधिक स्पष्ट वचन आम्हास शास्त्रात आढळत नाही.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. वचन मिळाले असताही अब्राहामाने मोल का दिले?
२. इज्रेलच्या खोऱ्यातील विक्री व मकपेलाची विक्री ह्यांत काय भेद होता?
३. शेख जर्रा येथील व याफातील घरांस एकच माप लावावयाचे तर काय करावे लागेल?
४. आपल्या गावात कोणाच्या बांधाविषयी आपण ऐकीव साक्ष दिली आहे काय?