आधी परतीचा फोटो

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. बोलतो मोजकंच, पण गोल फिरणारं काही दिसलं की तासभर तिथून हलत नाही. पंखा असो, पिठाच्या गिरणीचा पट्टा असो नाहीतर उलटी ठेवलेली सायकल. मग मोठ्या पार्कातल्या पाळण्यांत तो हरखूनच जाईल, असं आम्ही धरून चाललो आणि दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याहून रात्रीची गाडी पकडली.

पार्काच्या फाटकावर त्याच्या मनगटाला कागदी पट्टा बांधला. त्याला शर्टाचं लेबलही टोचतं, घरी मी ते उसवून काढते. पट्टा ओरबाडत तो चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिला, डोक्यावर लाउडस्पीकर. नंबर आला तेव्हा पाळण्यात बसेचना. तिथूनच परतायला हवं होतं. पण तिकिटांचे पैसे डोक्यात होते. मी म्हटलं, आणखी एक करून बघू. दुपारी स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र घोंघावलं आणि पोरगा कान दाबून फरशीवर कोसळला, स्वतःचं मनगट चावू लागला. ‘लाडावून ठेवलंय,’ असं कुणीतरी म्हणालं. मी उचलायला गेले, तर हात सोडवून पळाला. सापडला तो तलावाच्या काठावर. ती पाच मिनिटं अजून माझ्या झोपेत येतात.

हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की शांत होतं. हे तसं नव्हतं. आवाज, गर्दी, वास, वाट बघणं, सगळं साचत जातं आणि कधीतरी फुटतं. फुटल्यावर समजावणं, रागावणं दोन्ही व्यर्थ. त्या वेळी हवी असते अंधारी, शांत जागा आणि गप्प बसलेलं आपलं माणूस. त्यामुळे पार्कात गेल्यावर आधी पाळणे बघू नका, अशी जागा शोधा. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, म्हणून पाणी कुठे आहे तेही बघून ठेवा. मी आता शर्टाच्या आत फोन नंबराची मऊ चिंधी शिवते.

तयारी महिनाभर आधी घरीच सुरू करा. कान झाकणारे हेडफोन रोज दहा मिनिटं, मनगटावर कागदाचा पट्टा. गर्दीचीही सवय लावा. आम्ही वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी राहतो. गांधीजींच्या काही अस्थी या नदीत विसर्जित झाल्या, म्हणून १२ फेब्रुवारीला इथे मेळा भरतो. त्या गर्दीत त्याला आधी काठाकाठानं दहा मिनिटं नेलं, पुढल्या वेळी वीस. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेनं १९९१च्या सुमारास अशा मुलांसाठी छोट्या गोष्टी लिहायची पद्धत रुजवली: आता काय होईल, मग काय. मी फोटोंची वही केली. फाटक, रांग, पाळणा, डबा. शेवटच्या पानावर आमच्या घराचं दार. हे पान विसरू नका; कुठे संपणार हे कळलं की मधलं सोसायला बळ येतं.

पार्काला आधी फोन करा आणि स्पष्ट विचारा: रांगेतून सूट मिळेल का, घरचा डबा आत नेता येईल का, कुठल्या राइडमध्ये अंधार आणि धमाके आहेत? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, जवळ ठेवा आणि संकोच न करता दाखवा. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांत २०१३पासून अशी सोय आहे की रांगेऐवजी परत यायची वेळ मिळते. आपल्याकडे मागितल्याशिवाय कुणाला सुचणारही नाही. हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहली येतात, तेही विचारून घ्या.

आणि निघायची वेळ घरूनच ठरवा. तिकिटाचे पैसे त्याच क्षणी गेले असं समजा.

यंदा आम्ही जवळच्या एका लहान पार्कात गेलो, सकाळी दहा ते बारा. तो एकाच चक्रात चार वेळा बसला. बाकी पार्क आम्ही पाहिलंच नाही. बाराला त्यानं स्वतःच वही काढली आणि घराच्या दारावर बोट ठेवलं.