तगादा आणि त्याची मर्यादा

धाकटा भाऊ पतंगासाठीं 'तगादा' लावतो असें आपण सहज म्हणतों. पण एके काळीं ह्या शब्दानें मोठमोठ्यांस धडकी भरे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याचें वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असला, तर धनको त्याला घराबाहेर पडूं देत नसे, जेवूं देत नसे, प्रसंगीं उन्हांतही बसवी. आणि कांहीं तडजोड निघेपर्यंत हें चाले.

पुढें न्यायकचेऱ्या आल्या, आणि सावकाराच्या हातीं कोर्टाचा हुकूमनामा आला. रोखा ज्याला वाचतां येत नसे, त्याचाच अंगठा त्याखालीं असे! १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें, बाजाराच्या दिवशीं, लोकांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल करून खतें व वह्या जाळल्या. तो दंगा योग्य होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, आणि रोख्यावरील आंकडा तसाच न मानतां कर्जाचा मूळपासून हिशेब तपासण्याचें काम न्यायाधीशावर आलें.

घेतलेलें कर्ज फेडलेंच पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. तथापि कोर्टाच्या जप्तीलाही सीमा आहे. १९०८ चा दिवाणी कायदा अजून चालू आहे. त्याप्रमाणें अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, तसेंच शेतकऱ्याचीं जरूर तीं औतें, बैल व बियाणें यांवर जप्ती येत नाहीं. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं जप्तीसाठीं राहत्या घरांत शिरतां येत नाहीं. पैशाच्या हुकूमनाम्यावरून स्त्रीला अटक करतां येत नाहीं. मग जो मनुष्य कोर्टाकडून आलेलाच नाहीं, नुसता बँकेचा वसुलीदार आहे, त्यानें रात्रीं दार ठोठावून भांडीं उचलण्याची भाषा करावी, हें कसें चालेल?

आतां तगादा दूरध्वनीवरून येतो. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२२ मध्यें बँकांना बजावलें कीं, वसुलीसाठीं सकाळीं ८ च्या आधीं व सायंकाळीं ७ नंतर ऋणकोस फोन करूं नये, धमकी देऊं नये, चारचौघांत अपमान करूं नये, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देऊं नये. सावकाराविषयीं महाराष्ट्रांत २०१४ चा निराळा कायदा आहे. त्याला परवाना लागतो. आणि ऋणकोचा पाठलाग करणें किंवा त्याच्या दाराशीं घुटमळत राहून त्याला छळणें हा गुन्हा आहे.

घरीं आलेली नोटीस आईबापांना वाचून दाखविण्याचें काम पुष्कळदां तुम्हांवरच येतें. ती कोर्टाची आहे कीं नुसत्या वकिलाची, हें आधीं पाहावें. वकिलाच्या नोटिशीवरून जप्ती होत नाहीं. दारीं आलेल्या वसुलीदाराकडे ओळखपत्र व बँकेचें अधिकारपत्र मागावें, पैसे दिल्यास पावती घ्यावी. त्रास झाल्यास दिवस व वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करतां येतो. त्याला फी पडत नाहीं.