बायपास शस्त्रक्रिया आणि पक्षाघात : वैद्याचे काम

बायपास शस्त्रक्रियेनंतर सुमारे १ ते २ टक्के रुग्णांस पक्षाघात होतो. उतारवयात, तसेच पूर्वी पक्षाघात झालेल्या रुग्णांत हे प्रमाण वाढते. चरकाचार्यांनी वातप्रकोपाची धातुक्षय व मार्गावरोध अशी दोन कारणे सांगितली आहेत. येथे बहुधा दुसऱ्याचाच प्रत्यय येतो. महाधमनीच्या भिंतीवर मेदयुक्त, कठीण थर साचलेला असतो. शस्त्रक्रियेत तेथे चिमटा लावताना वा काढताना त्याचा कण सुटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकतो. म्हणून काही शल्यचिकित्सक महाधमनी प्रथम सोनोग्राफीने तपासतात व थर जास्त असल्यास तिला हात न लावता छातीतील धमन्यांचाच उपयोग करतात. धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया केली की धोका टळतो, हा समज मात्र टिकत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ४७५२ रुग्णांच्या 'कॉरोनरी' अभ्यासात ३० दिवसांतील पक्षाघाताच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे झाले शल्यगृहातील. आपला संबंध त्याआधी व त्यानंतर येतो.

शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत ॲस्पिरिन मिळालेल्या रुग्णांत पक्षाघात १.३ टक्के, न मिळालेल्यांत २.६ टक्के, असे २००२ सालच्या ५०६५ रुग्णांच्या अभ्यासात दिसले. अभ्यास निरीक्षणात्मक होता, हे ध्यानी घ्यावे. परंतु रक्तस्राव थांबत नसेल, तर ॲस्पिरिन लांबणीवर टाकावे लागते. लसणाचे कल्प व गिंकगो यांनी रक्त गोठण्यात बाधा येऊ शकते. गुग्गुळ व हळदीचे सत्त्व यांविषयीही तशी शंका आहे. अशी औषधे शस्त्रक्रियेपूर्वी निदान दोन आठवडे बंद ठेवावीत आणि सर्व कल्पांची मात्रेसह यादी रुग्णाच्या हाती द्यावी. औषधविक्रेत्यांनीही "ऑपरेशन ठरले आहे का?" एवढे विचारावे. ॲस्पिरिन वा स्टॅटिन मात्र आपण होऊन बंद करू नये. तो निर्णय शल्यचिकित्सकाचा.

घरी परतलेल्या रुग्णाची नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. या शस्त्रक्रियेनंतर एट्रियल फिब्रिलेशन वारंवार आढळते, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पण ते पुढेही उद्भवते. त्यात अलिंदात गुठळी होऊ शकते. नाडी सर्वस्वी अनियमित लागल्यास त्याच दिवशी ईसीजी करवावा. येथे आपली बोटे खरोखर उपयोगी पडतात.

तोंड वाकडे होणे, हात गळणे, वाणी जड होणे यांपैकी काहीही दिसल्यास नस्य-बस्तीचा विचार बाजूस ठेवून रुग्णास सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात धाडावे. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ चिठ्ठीवर लिहावी. नुकत्याच झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेमुळे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सहसा देता येत नाही. परंतु नळीद्वारे गुठळी काढण्याचा मार्ग काही रुग्णांत खुला असतो. त्यासाठी ही वेळ लागते.